छोटी लिंक आणि उधारीची वही

उत्साही : काका, मार्च ते जून आपल्या सोलापूरच्या गणवेशाच्या कारखान्यात फोन उचलायला एक माणूस पुरत नाही. माल निघाला का? बिल्टी पाठवा. बत्तीस साइज शिल्लक आहे का? मागच्या सालचाच चेक्स द्या, पण रंग उतरला नाही पाहिजे. यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आधीच कुठंतरी लिहिलेली असतात. वहीत, टॅलीत, नाहीतर ट्रान्सपोर्टच्या पावतीवर. पार्टी विचारते, तुम्ही मुकादमाला हाक मारता, तो हातातलं काम टाकून बघून येतो, तुम्ही परत फोन लावता, तर तिकडचा लागत नाही. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक पार्टीला एक छोटी लिंक द्यायची. ती उघडली की ऑर्डर कटिंगला आहे, शिलाईला आहे, की पॅक होऊन गाडीत चढली ते दिसेल. बिल्टीचा फोटो तिथंच. बाकी किती तेही तिथंच, आणि रक्कम आधीच भरलेली यूपीआयची लिंक त्याच्याखाली. नवी ऑर्डर टाकली की तीच नोंद कटिंग मास्तरच्या मोबाइलवर, तीच बिलात, तीच ट्रान्सपोर्टवाल्याकडे. आज आपण एकच गोष्ट चार ठिकाणी लिहितो आणि चारही ठिकाणी वेगळी लिहितो.

शंकेखोर : फोनचा तुला त्रास होतो, मला नाही होत. हुबळीचा दुकानदार बत्तीस साइज विचारायला फोन करतो आणि बोलता बोलता सांगतो, की शेजारच्या शाळेनं यंदा पँटचा रंग बदलला, जुना पुरवठादार अडकून बसलाय. ही बातमी तुझ्या फॉर्मात कुठल्या रकान्यात भरायची? आवाजावरून कळतं, की हा माणूस यंदा पैसे वेळेवर देणार नाही. ते तुझ्या लिंकला कळेल का? आणि छोटी लिंक, छोटी लिंक म्हणतोस. लिंक लांब असली काय नि छोटी असली काय, बोटानं दाबायचीच ना?

उत्साही : लांबीपासून सुरुवात करू. व्हॉट्सॲपची एक सोय आहे. आपल्या नंबराची लिंक करायची आणि तिच्यातच संदेश भरून ठेवायचा. पार्टीनं दाबलं की आपल्याशी गप्पा उघडतात आणि मजकूर तयार असतो. इंग्रजीत हे बऱ्यापैकी बसतं. मराठीत लिहून बघा. वेबच्या पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी जात नाही. एकेका चिन्हाचे तीन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे टक्क्याची खूण आणि पुढं दोन अक्षरं-आकडे. म्हणजे नऊ. ‘नमस्कार’ या शब्दात काना आणि पाय मोडल्याची खूण धरून सात चिन्हं. साता नवे त्रेसष्ट! नुसता नमस्कार घालायला त्रेसष्ट अक्षरांची रांग लागते. त्यापुढं शाळेचं नाव, इयत्ता, नग लिहिले तर लिंक कार्टनच्या लेबलवर मावत नाही, आणि क्यूआर कोड इतका दाट होतो की साध्या मोबाइलचा कॅमेरा तो उचलत नाही. कन्नड, तेलुगूचंही तेच. म्हणून छोट्या लिंकेची गरज इंग्रजीवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त.

पण लांबी ही वरवरची गोष्ट आहे. छोटी लिंक म्हणजे मुळात दोन रकान्यांची वही. डावीकडे खूण, उजवीकडे खरा पत्ता. इंग्रजीची लहान-मोठी बावन्न अक्षरं आणि दहा अंक घेतले, तर सहा जागांत पाच हजार सहाशे कोटींच्या वर वेगवेगळ्या खुणा होतात. खूण छापून झाली तरी उजवा रकाना आपल्या हातात राहतो. कार्टनवरची तीच लिंक फेब्रुवारीत नमुने दाखवेल, मे महिन्यात माल कुठवर आला ते सांगेल, जुलैत बाकी दाखवेल. मात्र ती ‘तात्पुरती वळवणी’ म्हणून लावायची. ‘कायमची’ म्हणून लावली तर पार्टीचा ब्राउझर पहिला पत्ता लक्षात ठेवतो आणि पुढच्या खेपेला आपल्याला न विचारता परस्पर तिकडंच जातो. मग उजवा रकाना बदलून उपयोग नाही, आणि किती जणांनी उघडली तेही मोजता येत नाही.

शंकेखोर : तू ज्याचं कौतुक करतोस त्याचीच मला भीती वाटते. बदलीच्या गावी भाड्यानं राहणाऱ्याची पत्रं घरमालकाच्या मार्फत यायची. घरमालक चांगला असेपर्यंत ठीक; वाकडं आलं की पत्रं गायब. तुझ्या लिंकेत असा एक ‘मार्फत’ कायमचा बसलाय. तो कोण? कुठली तरी फुकट सेवा. गूगलनं २००९ साली अशी सेवा काढली होती. गूगल म्हटल्यावर कोण शंका घेणार? २०१९ च्या मार्चअखेर नव्या लिंका बंद झाल्या. २०२४ मध्ये सांगितलं, की जुन्याही २५ ऑगस्ट २०२५ पासून चालणार नाहीत. मग ओरड झाल्यावर, ज्या वापरात आहेत त्या ठेवू, असं जाहीर केलं. बरं, वापरात म्हणजे काय, ते त्यांनीच ठरवायचं. एखाद्या शाळेनं तीन वर्षांनी जुनी लिंक उघडली तर? आणि ज्या छोट्या लिंकांच्या शेवटी ‘एलवाय’ असतं, ती दोन अक्षरं लिबिया देशाची. २०१० मध्ये तिथल्या नोंदणी संस्थेनं असल्या एका सेवेचं नाव, तिच्यावरचा मजकूर आमच्या कायद्यात बसत नाही म्हणून, सरळ काढून घेतलं. सोलापुरातला माल, सोलापुरातली पार्टी, आणि मधला दरवाजा त्रिपोलीच्या ताब्यात?

उत्साही : यात माझा तुमच्याशी वाद नाही. फुकट सेवेवर धंदा टाकूच नये. आपलं डोमेन घ्यायचं, त्याचं वर्षाचं भाडं एका गणवेश-जोडाच्या आसपास असतं. दोन रकान्यांची वही आपल्याच सर्व्हरवर ठेवायची आणि तिची प्रत दर आठवड्याला कारखान्यातल्या संगणकावर उतरवून घ्यायची. एसएमएसच्या बाबतीत तर आता स्वतःच्या नावाशिवाय भागत नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आदेशानं १ ऑक्टोबर २०२४ पासून, आधी नोंदवलेली नसेल अशी लिंक असलेला व्यावसायिक एसएमएस मोबाइल कंपनीच अडवते. खुणाही आपण ठरवू. कारखान्याचं नाव आणि पुढं ‘माल’, ‘बाकी’, ‘नमुने’, इंग्रजी अक्षरांत. फोनवर सांगताना कॅपिटल की स्मॉल, शून्य की ओ, हा घोळ नको.

शंकेखोर : ट्रायनं तो नियम का केला, तेही बोल. वीज आज रात्री तोडणार, ही लिंक उघडा. तुमच्या गाडीवर चलान आहे, ही फाइल उतरवा. लोकांची खाती रिकामी झाली. सायबर फसवणुकीची तक्रार द्यायला देशभर १९३० हा नंबर ठेवलाय. सोलापुरात १९३० म्हटलं की इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आठवायचे. आता नातवंडांना लुटलेल्या पैशांचा नंबर म्हणून ते साल पाठ होणार. ते असो. घरात मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, की अनोळखी लिंकेला हात लावायचा नाही, छोटीला तर मुळीच नाही, कारण ती कुठं नेते ते दिसतच नाही. आणि इथं कारखान्यात बसून मीच पन्नास पार्ट्यांना छोटी लिंक पाठवू, वर तिच्यातच पैसे भरा म्हणू? उद्या कुणी आपल्या नावात एक अक्षर इकडंतिकडं करून तशीच लिंक पाठवली, तर पार्टीचे पैसे जातील आणि ती म्हणेल, तुमच्याच लिंकेवर भरले होते.

उत्साही : हा धोका खरा आहे, आणि तो माझ्या कौशल्यानं पुरता जाणार नाही. कमी करता येईल. पैशाची लिंक आपण कधीच पुढं होऊन पाठवायची नाही. पार्टीनं स्वतःचं खातं उघडलं तरच ती आत दिसेल. यूपीआयवर पैसे भरताना ज्याला जाणार त्याचं नाव समोर येतं, ते कारखान्याचंच असेल, हे एकदा प्रत्येकाला फोन करून सांगायचं. हो, फोन करूनच! तुमचा फोन मला बंद करायचा नाहीये काका. ज्या फोनवर काही बोलणंच होत नाही, तेवढेच काढायचेत.

लिंक हुशार कशी होते तेही ऐका. मोबाइल कुठल्या भाषेत लावलाय ते लिंक उघडताना कळतं. कलबुर्गीच्या दुकानदाराला कन्नड पान, हैदराबादला तेलुगू, लातूरला मराठी. सोलापुरासारख्या गावाला हे सांगावं लागतं का? इथं गिऱ्हाइकाशी मराठीत, कारागिराशी तेलुगूत आणि ट्रकवाल्याशी दखनीत एकाच दमात बोलणारे दिवाणजी घरोघर आहेत. गणवेशवाल्यांनी आपलं प्रदर्शन हैदराबाद, बंगळुरूपर्यंत नेलं ते उगीच नाही. गिऱ्हाईक तीन राज्यांत आणि आपला ऑर्डरचा कागद एकाच भाषेत.

शंकेखोर : कलबुर्गीच्या त्या माणसाचा मोबाइल काढून बघ. तो कन्नड बोलतो, हिशोब कन्नडात करतो, आणि मोबाइल दुकानातून आला तसा इंग्रजीत आहे. आपल्या सगळ्यांचेच तसे आहेत. तुझी हुशार लिंक त्याला इंग्रजी पान दाखवणार आणि वर समजणार, की मी त्याच्या भाषेत बोलले.

उत्साही : मग अंदाज नको. पहिल्यांदा विचारू, पुढं तेच धरू.

शंकेखोर : बरं. आता मूळ गोष्टीवर ये. ऑर्डर शिलाईला आहे हे लिंकेला सांगणार कोण?

उत्साही : बंडलाच्या चिठ्ठीवर कोड छापू. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्याला जाताना स्कॅन केला की झालं.

शंकेखोर : कोण करणार स्कॅन? शिलाईला बसलेली बाई नगावर पैसे घेते. विडी घरकुल वसाहतीतून येते, सहा आसनी रिक्षाचं भाडं खिशातून भरते. बंडल उचल, मोबाइल काढ, कोड समोर धर, एकदा नाही आला, परत धर, आता आला. तेवढ्यात कॉलरची एक बाजू मारून झाली असती. दिवसाला किती बंडलं हाताखालून जातात, ते तूच बघ. ती स्कॅन करणार नाही, आणि केलं नाही म्हणून मी तिला बोलणार नाही. मग मुकादम संध्याकाळी सगळी बंडलं एकदम स्कॅन करून टाकेल. म्हणजे दिवसभर तुझी लिंक पार्टीला सांगणार, की माल कटिंगलाच पडलाय, आणि पार्टी मला फोन करणार. म्हणजे फोन वाढला की! शिवाय आधी मी ‘बघतो’ म्हणायचो, आता ती म्हणणार, ‘तुमच्याच लिंकेवर लिहिलंय.’

उत्साही : स्कॅनचे पैसे धरले तर? बंडलामागं काही रक्कम?

शंकेखोर : धर. पण मग तुझ्या लिंकेच्या खर्चात ते लिही. डोमेनचं भाडं एका जोडाच्या आसपास, असं सांगून मालकाला हो म्हणायला लावू नकोस. माहिती आपोआप येते असं बोलणाऱ्यानं, ती पहिल्यांदा कुणाच्या हातानं शिरते तेवढं सांगावं. आणि एकदा ती शिरली, की कोणती बाई दिवसाला किती बंडलं काढते तेही तुझ्या वहीत आलं. ते मालकाला दिसणार. बाईला दिसणार का?

उत्साही : दिसायला पाहिजे. तिचे नग तिला त्याच वेळी दिसले, तर शनिवारच्या हिशोबाला वाद राहणार नाहीत. पण हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या आराखड्यात नव्हतं, तेही खरं.

शंकेखोर : आता उधारी. तुझ्या कागदावर मी एक ओळ वाचली. ‘४५ दिवसांवर बाकी असल्यास नवी ऑर्डर स्वीकारली जाणार नाही.’ ही ओळ कुणी लिहिली?

उत्साही : मी. पण मनानं नाही. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत घेणाऱ्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही, असं कलम २०२३ च्या अर्थसंकल्पातून आलं. सरकारनं आपल्या हातात दिलेलं शस्त्र आहे. लिंकेत एक अट घालायची. बाकी जुनी असेल तर ऑर्डरचं पान उघडणारच नाही, बाकीचं पान उघडेल. तगादा नाही, शब्दाला शब्द नाही, संबंध बिघडणं नाही.

शंकेखोर : संबंध बिघडणार नाही, कारण संबंधच उरणार नाही. शाळांची फी दिवाळीआधी नीट गोळा होत नाही. शाळा दुकानदाराला देत नाही, दुकानदार मला देत नाही. यात कोण बुडवणारा आणि कोण अडलेला, हे मला त्याच्या तोंडाकडं बघून कळतं. तुझ्या लिंकेला दोघं सारखेच. दोघांचेही ४६ दिवस झालेले.

नियम आपोआप चालला की काय होतं, ते सोलापूरनं बघितलंय. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं इथल्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा आणला. किलोला एक रुपया भाव. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. त्याला दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. देशभर छी-थू झाली, तेव्हा व्यापाऱ्याचं म्हणणं होतं, की पावती आणि चेकचं काम संगणकावर आहे. हिशोबात चूक नव्हती. चूक ही, की दोन रुपयांचा चेक छापून बाहेर येताना कुणाचाच हात मध्ये नव्हता. कुणी तरी तो थांबवला असता, खिशातून शंभराची नोट काढून दिली असती, निदान मान खाली घातली असती.

(सोलापुरातले बरेच दिवाणजी इथं मान डोलावतील. हा संवाद लिहिताना मीही डोलावली. पण पुढचं उत्तर मला जास्त बोचलं.)

उत्साही : त्या शेतकऱ्याला संगणकानं एक रुपया भाव दिला नाही काका. भाव माणसांनीच लावला, सौद्यात, सगळ्यांसमोर. हाती लिहिलेल्या पट्ट्यांच्या काळातही शेतकऱ्याच्या अंगावर बाकी निघायची. तेव्हा तिचा फोटो निघत नव्हता एवढंच. संगणकानं लिहिलं म्हणून ते दोन रुपये सगळ्या देशाला दिसले.

आणि तुम्ही तोंडाकडं बघून उधारी देता, ती कुणाला देता? रागावू नका. वहीत बघा. नव्वद दिवस चालवून घेतलेल्या पार्ट्या बहुतेक ओळखीच्या, पाहुण्यातल्या, नाहीतर मालकांच्या वडिलांपासूनच्या. मागच्या सीझनला एक बाई आली होती, बचत गटाकडून गणवेश शिवून घेणारी. तिला कापड उधार पाहिजे होतं. तिला तीन वेळा ‘मालक नाहीत, उद्या या’ म्हणून पाठवलं. तुम्ही तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तुम्हाला काही कळलं नाही, कारण तसं तोंड आपल्या कारखान्यात आधी कधी बसलंच नव्हतं. माझ्या लिंकेनं तिला पहिल्या दिवशी सांगितलं असतं, की अट ही आहे, एवढी आगाऊ रक्कम, एवढ्या दिवसांची मुदत, जमतंय का बघा. कडू असेल, पण सगळ्यांना एकच. तुमची माया वहीत लिहिलेली नाही, म्हणून ती कुणाच्या वाट्याला येते आणि कुणाच्या नाही, ते कुणाला विचारता येत नाही.

शंकेखोर : ती बाई मला आठवते. आता ती अक्कलकोट रोडच्या दुसऱ्या कारखान्यातून माल उचलते, रोखीनं.

तुझं म्हणणं लागलं मला, नाही म्हणत नाही. पण त्यातून तुझी ओळ बरोबर ठरते असं नाही. मी पक्षपात करतो, तर मला विचार, भांड, मालकाकडं जा. मी इथं बसलेला आहे. लिंकेशी कोण भांडणार? पार्टी म्हणेल, पान उघडत नाही. मी म्हणेन, सिस्टिम घेत नाही. तू म्हणशील, नियम मालकांनी सांगितला. मालक म्हणतील, आयकराचा कायदाच तसा. चौघांपैकी एकानंही नाही म्हटलेलं नाही, आणि माणूस परत गेला.

उत्साही : मग पान बंद करायचं नाही. ४५ दिवस झाले की लिंक ऑर्डर घेईल, पण ती तुमच्याकडं थांबेल. तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं आणि एका ओळीत कारण लिहायचं. ते कारण वहीत राहील. वर्षअखेर मालक बघतील, कुणाला हो म्हटलंत, कुणाला नाही.

शंकेखोर : कारण लिहायचं? ‘त्याच्या मुलीचं लग्न आहे’ असं लिहू? त्यानं मला ते माझ्यापुरतं सांगितलेलं असतं. तुझ्या वहीत गेलं की ते उद्या वसुलीवाला पोरगा वाचणार. न लिहावं तर तू म्हणणार पक्षपात, लिहावं तर पार्टीची अब्रू जाते. यावर काय आहे तुझ्याकडं?

उत्साही : आत्ता काही नाही.

शंकेखोर : माझ्याकडंही नाही. आणि आणखी एक, होकाराचं. मोठ्या शिक्षण संस्थांना तू मेलवर लिंक पाठवणार, ‘दर मान्य असल्यास इथे दाबा’. त्यांच्या मेलची सुरक्षा तपासणारी यंत्रं म्हणे लिंक आधी स्वतःच उघडून बघतात.

उत्साही : बघतात. म्हणून नुसती लिंक उघडण्याला मान्यता धरायची नाही. आत पान, पानावर दर, नग, तारीख, आणि खाली वेगळं बटण. किती जणांनी उघडली हा आकडाही त्यामुळंच फुगलेला असतो. मालकांना मी तो दाखवणार नाही.

शंकेखोर : दाखव, पण फुगलेला आहे म्हणून सांग. आणि मोठ्या संस्थेनं बटण दाबलं तरी लेटरहेडवर घे. हजार जोड कापून ठेवल्यावर ‘ते क्लार्कनं चुकून दाबलं’ म्हणाले, तर मापाचं कापड परत जोडता येत नाही.

उत्साही : म्हणजे माल कुठं आहे ते, बिल्टी, नमुने, बाकी किती, एवढं लिंकेवर. मोठा होकार कागदावर. उधारी...

शंकेखोर : उधारी अजून माझ्याकडंच. निदान यंदाचा सीझन. आणि त्या बाईसारखं कुणी आलं, तर तिला अट लिहून द्यायची, पहिल्याच दिवशी, लिंकेवर नाहीतर कागदावर. ते तुझं मला पटलं. आता मला सांग, ते डोमेन घ्यायचं म्हणालास. घेतलं असशील तर कुणाच्या नावावर आहे?

उत्साही : सध्या माझ्या. कार्ड माझं होतं, घाईत माझ्याच मेलवर नोंदवलं.

शंकेखोर : मग आधी ते कारखान्याच्या नावावर कर, आणि पासवर्ड बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेव. त्याशिवाय एकाही कार्टनवर लिंक छापायची नाही.